आय-१४० आणि जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं : पाच वर्षं सिद्ध कशी करायची?

मधुमालती

नमस्कार मंडळी. ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल इथे भरपूर लिहून झालंय. माझा प्रश्न रांगेत उभं राहण्याच्या आधीचा आहे.

टेक्सासमधली माझी कंपनी ईबी-२ (उच्च पदवीवाल्यांचा ग्रीन कार्ड वर्ग) साठी पर्म, म्हणजे लेबर खात्याकडून लेबर सर्टिफिकेशन घेण्याची प्रक्रिया, सुरू करते आहे. त्यानंतर आय-१४०, म्हणजे कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज. जागेची अट अशी : मास्टर्स, किंवा बॅचलर्स आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा चढता (वाढत्या जबाबदारीचा) अनुभव. माझं पुणे विद्यापीठाचं बीई (कॉम्प्युटर), निकाल जुलै २०१४. मास्टर्स नाही, त्यामुळे पाच वर्षं दाखवणं आलंच.

नोकऱ्या अशा आहेत :
ऑगस्ट २०१४ ते जून २०१६, कोथरूडमधली छोटी सॉफ्टवेअर कंपनी. ती पुढे बंद पडली, मालकांचा जुना नंबर लागत नाही.
जुलै २०१६ ते मार्च २०१९, हिंजवडीतली मोठी आयटी कंपनी.
एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२१, आत्ताच्याच कंपनीची पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड.
डिसेंबर २०२१ पासून इथे अमेरिकेत. एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वर आले, आता एच-१बी (कामाचा व्हिसा).

वकिलांच्या ऑफिसने प्रत्येक जुन्या कंपनीकडून कामाच्या तपशिलासह पत्र मागितलंय. मोठ्या कंपनीच्या एचआरने कळवलं, आम्ही फक्त पद आणि तारखा देतो, कामाचं वर्णन देत नाही. त्यात एका मैत्रिणीने सांगितलं की ज्या कंपनीतर्फे अर्ज करतो तिथला अनुभव धरतच नाहीत. तसं असेल तर पहिल्या दोन नोकऱ्या मिळून चार वर्षं आठ महिने होतात, म्हणजे चार महिने कमी. आणि त्यातल्या एका कंपनीचा ठावठिकाणा नाही. ज्यांनी हे पार पाडलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. व्हिसाची सहा वर्षांची मर्यादा डिसेंबर २०२७ ला संपते, त्यामुळे जीव थोडा टांगणीला लागलाय.

दूरचा_वाटसरू

मधुमालती, घाबरू नका. मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्या फायद्याचं आहे. आंबेमोहरताई याच कामात आहेत, त्या नेमकं सांगतील.

माझ्याकडून एकच : वकील कंपनीचा असतो. २००७ पासून लेबर सर्टिफिकेशनचा खर्च आणि वकिलाची फी कंपनीनेच द्यायची असा नियम आहे, त्यामुळे तो आधी कंपनीचं ऐकतो. तुमच्या कागदांची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. प्रश्नावलीतली प्रत्येक तारीख रिलिव्हिंग लेटरशी ताडून बघा, आठवणीने भरू नका.

आंबेमोहर

मी इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल आहे, वकील नाही. त्यामुळे हे वाचून शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचाच घ्या. पण रोज हीच कागदपत्रं हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

आधी तारीख. पाच वर्षं कधीपर्यंत पूर्ण हवीत? पर्मचा अर्ज, म्हणजे फॉर्म ९०८९, लेबर खात्याकडे दाखल होतो त्या दिवसापर्यंत. तीच तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख. आय-१४० नंतर भरला, मधल्या काळात अनुभव वाढला, तरी तो वाढीव अनुभव मोजत नाहीत. याला आधार असलेले निर्णय जुने आहेत : १९७१ चा मॅटर ऑफ कॅटिगबॅक आणि १९७७ चा मॅटर ऑफ विंग्ज टी हाउस. दुसरा तर एका रेस्टॉरंटमधल्या स्वयंपाक्याच्या अनुभवाबद्दल होता. आज हिंजवडीच्या इंजिनिअरची फाइलही त्याच कसोटीवर तपासतात.

आता सध्याच्या कंपनीचा मुद्दा. पर्ममध्ये कंपनीने सांगायचं असतं की या जागेसाठी आमची किमान अट ही आहे. तुम्हाला नोकरीवर घेतलं तेव्हा ती अट तुम्ही पूर्ण करत नव्हता आणि कंपनीने तुम्हाला शिकवून तयार केलं असेल, तर लेबर खातं विचारणार की अमेरिकन माणसालाही तसंच शिकवून का घेत नाही? म्हणून त्याच कंपनीत मिळवलेला अनुभव साधारणपणे धरत नाहीत. अपवाद दोन. आधीचं काम आत्ताच्या जागेपेक्षा पुरेसं वेगळं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ तीच कामं नव्हती, किंवा आता नव्या माणसाला शिकवून घेणं कंपनीला खरोखर शक्य नाही.

पण "तीच कंपनी" म्हणजे काय, हे २० सीएफआर (अमेरिकेचे सरकारी नियम) ६५६.१७ मध्ये लिहिलंय : ज्या संस्थेचा फेडरल एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर (एफईआयएन) तोच, ती तीच कंपनी. पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड भारतीय कायद्याखाली नोंदलेली वेगळी कंपनी असते, तिला अमेरिकेतल्या कंपनीचा एफईआयएन नसतो. म्हणून तिथला अनुभव बहुतेक प्रकरणांत धरता येतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा. काही भारतीय कंपन्यांची अमेरिकेतली शाखा ही वेगळी कंपनी नसून तीच कंपनी असते. तिथे भारतातली वर्षं वजा होऊ शकतात.

मधुमालती, तुमच्या पुणे ऑफिसची जुनी पगाराची स्लिप काढा, वर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे ते बघा, आणि वकिलांना थेट विचारा : पुण्याच्या कंपनीचा एफईआयएन वेगळा आहे ना?

मधुमालती

ताई, खूप आभार. स्लिपवर प्रायव्हेट लिमिटेडच आहे. नियुक्तीपत्र, फॉर्म १६, सगळं त्याच नावाने.

आंबेमोहर

मग गणित बदललं. मोठी कंपनी ३३ महिने, पुण्याची प्रायव्हेट लिमिटेड ३२ महिने. एकूण ६५ महिने, म्हणजे पाच वर्षं पाच महिने. कोथरूडच्या कंपनीवर पाच वर्षं अवलंबूनच राहत नाहीत.

पत्रांच्या मागे धावण्याआधी ही बेरीज करायची. बरेच लोक बंद पडलेल्या कंपनीच्या मालकाला शोधण्यात महिने घालवतात आणि ज्या पत्रावर प्रकरण उभं आहे ते शेवटच्या आठवड्यात मागतात.

एक गोष्ट मात्र तपासा. अटीत "दोन वर्षं अमुक तंत्रज्ञान" असं काही आहे का? असेल तर ते कौशल्य कोणत्या नोकरीत, किती काळ वापरलं हे पत्रात आलंच पाहिजे. पाच वर्षं पूर्ण भरूनही त्या एका ओळीपायी आरएफई, म्हणजे जादा पुराव्याची मागणी, येते.

शेवंती

मी पुण्यात एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये बरीच वर्षं आहे. इथे एचआरवर राग निघतो तो समजू शकते, पण आमच्याकडून काय अडतं ते सांगते, म्हणजे मागणी नीट करता येईल.

सोडून गेलेल्या माणसाने काय काम केलं हे एचआरच्या सिस्टिममध्ये नसतं. असतं ते पद, ग्रेड, जॉइनिंग, रिलिव्हिंग, प्रमोशनच्या तारखा, पगार. प्रोजेक्टचा तपशील मॅनेजरकडे, आणि मॅनेजरही सोडून गेलेला असतो. न पाहिलेल्या कामाबद्दल कंपनीच्या लेटरहेडवर सही करायला कोणी तयार होत नाही. शिवाय क्लायंटचं नाव बाहेर जाऊ नये असा करार असतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मागा. एचआरकडे मागा : पूर्णवेळ होतात हे, आठवड्याचे तास, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि प्रत्येक पद कधी ते कधी. हे आम्ही देऊ शकतो, कारण ते रेकॉर्डला आहे. पदांच्या तारखा मागितल्याच नाहीत तर पत्रात फक्त शेवटचं पद येतं आणि चढता अनुभव दिसत नाही. कामाचं वर्णन मागा त्या वेळच्या मॅनेजरकडे किंवा टीम लीडकडे.

आणि एचआर नाही म्हणाली तर फोनवर सोडून देऊ नका. ईमेलवर विचारा, ईमेलवर नकार घ्या, तो जपून ठेवा. आम्हाला तो ईमेल लिहायला दोन मिनिटं लागतात, तुम्हाला तो पुढे उपयोगी पडतो.

आंबेमोहर

शेवंतीताईंचं शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. नियम असा : आधीच्या मालकाकडून पत्र, त्यात लिहिणाऱ्याचं नाव, पत्ता, हुद्दा आणि कामाचं नेमकं वर्णन. हे ८ सीएफआर २०४.५(जी) मध्ये आहे. तसं पत्र मिळत नसेल तर दुसरे पुरावे चालतात, पण मिळत नाही हे आधी दाखवावं लागतं. नकाराचा ईमेल तेच दाखवतो.

त्यानंतर ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलं त्यांची निवेदनं. या पिटिशनशी संबंध नसलेले, शक्यतो दोघे. त्यांनी लिहायचं : मी अमुक कंपनीत अमुक काळात अमुक पदावर होतो, ही माझ्या टीममध्ये होती, तिची कामं ही, ही साधनं ती वापरायची, आणि सुरुवातीला हे करायची, पुढे हे करू लागली. सोबत त्यांच्या स्वतःच्या रिलिव्हिंग लेटरची प्रत, म्हणजे ते खरोखर तिथे होते हे दिसतं.

दोन्ही पत्रं शब्दशः सारखी नकोत. मुद्दे तुम्ही द्या, वाक्यं त्यांची असू द्या. एकाच साच्यातून निघालेली तीन पत्रं अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. आणि एल-१, एच-१बी, डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) मध्ये पूर्वी जे लिहिलंय त्याच्याशी तारखा आणि पदं जुळू द्या. १९८८ च्या मॅटर ऑफ हो नंतर हे पक्कं आहे की कागदांत विसंगती निघाली तर ती स्वतंत्र, भक्कम पुराव्याने दूर करायची जबाबदारी अर्जदाराची.

चौफुला

एवढा त्रास कशाला घेता? माझ्या ओळखीत एक जण आहेत, चालू कंपनीच्या लेटरहेडवर हवं तसं पत्र करून देतात, फोन आला तर उत्तरही देतात. बऱ्याच जणांची कामं झालीत. नंबर देतो : [क्रमांक काढला आहे]

वेबमास्टर

वरच्या प्रतिसादातला फोन क्रमांक काढला आहे. अशा सेवांची माहिती इथे देऊ नये.

दूरचा_वाटसरू

चौफुला, मनापासून सांगतो, हे कोणालाही सुचवू नका. ज्यांची कामं झाली म्हणता, त्यांची फाइल अजून उघडी आहे. आय-१४० मंजूर झाल्यावर ग्रीन कार्डच्या मुलाखतीला, अगदी नागरिकत्वाच्या वेळीही तीच पत्रं पुन्हा समोर येऊ शकतात.

आंबेमोहर

कायदेशीर बाजूही लिहून ठेवते, कारण हा धागा पुढे कोणीतरी शोधत येणार आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन इमिग्रेशनचा लाभ घेण्याचा प्रयत्न केला तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली माणूस अमेरिकेत प्रवेशासाठी कायमचा अपात्र ठरतो. सूट मिळण्याच्या वाटा फार अरुंद आहेत. आणि आय-१४० फसवणुकीवरून रद्द झाली तर प्रायॉरिटी डेटही जाते. २०२५ मध्ये भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ (त्याखालचा वर्ग) दोन्ही रांगा २०१२-१३ च्या तारखांवर होत्या. बारा वर्षं वाट पाहून ती तारीख हातातून गेली तर त्या घरातल्या मुलांचं काय होतं ते मी पाहिलंय. मुलं २१ ची झाली की आईवडिलांच्या अर्जाच्या छत्राखालून बाहेर पडतात.

वारणाकाठ

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. शिवाजी विद्यापीठाचा बीएस्सी, २००९. त्यानंतर सलग संगणकाचंच काम. एच-१बी च्या वेळी मूल्यांकन करून घेतलं, तीन वर्षांचा अनुभव बरोबर शिक्षणाचं एक वर्ष असं धरून बॅचलर्सच्या बरोबरीचं मानलं आणि व्हिसा मिळाला. आता कंपनी म्हणते बॅचलर्स अधिक पाच वर या. अनुभव तर बारा वर्षांहून जास्त आहे. चालेल ना?

आंबेमोहर

वारणाकाठ, इथे थांबा आणि पर्म भरण्याआधी वकिलाशी बोला. तीन वर्षांचा अनुभव बरोबर एक वर्ष हा हिशेब एच-१बी चा आहे. आय-१४० च्या ईबी-२ मध्ये तो चालत नाही. तिथे बॅचलर्स म्हणजे अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची एक पदवी. १९७७ च्या मॅटर ऑफ शहा या निर्णयात भारतातली तीन वर्षांची बीएस्सी त्या तोडीची धरली नाही, आणि आजही त्याचाच आधार घेतात. बाहेरच्या संस्थेने केलेलं मूल्यांकन हे फक्त मत मानलं जातं, अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं.

तुमच्यासाठी वाट ईबी-३ च्या स्किल्ड वर्करची आहे. तिथे किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागणारी जागा असावी लागते, पदवी कायद्याने सक्तीची नाही. पण पर्ममध्ये अट कशी लिहिली आहे यावर सगळं ठरतं. नुसतं "बॅचलर्स" लिहिलं तर ईबी-३ मध्येही तुम्ही अडकता. पदवी, किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून तिच्या बरोबरीचं, असं कंपनीची खरी गरज पाहून स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरातीतही तेच शब्द हवेत. लेबर सर्टिफिकेशन मंजूर झाल्यावर ती ओळ बदलता येत नाही.

वारणाकाठ

बापरे. वकिलांनी हे विचारलंच नव्हतं, त्यांनी एच-१बी च्या फाइलवरून थेट पुढे नेलं. उद्याच ईमेल करतो. आणखी एक. ईबी-२ चं लेबर झालं आणि अडचण आली, तर त्याच लेबरवर ईबी-३ मध्ये आय-१४० भरतात असं ऐकलंय. मग तो मार्ग मोकळा राहतो ना?

दूरचा_वाटसरू

भरता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ च्या तारखा पुढे सरकल्या तेव्हा हजारोंनी तेच केलं, मीही. पण वर्ग बदलला तरी लेबरमधली अट बदलत नाही. त्यात बॅचलर्स अधिक पाच लिहिलं असेल तर ईबी-३ मध्येही बॅचलर्स अधिक पाचच सिद्ध करावं लागतं. वर्ग खाली आला म्हणून पुरावा कमी लागतो, हा समज चुकीचा आहे. तुमच्या बाबतीत तर हा मार्ग उपयोगाचाच नाही.

निंबोणी

इथेच विचारते. कॅम्पसमधून निवड झाली, जून २०१५ ला कंपनीत रुजू झाले. पण शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिला होता, तो नंतरच्या परीक्षेत सुटला, निकाल फेब्रुवारी २०१६ ला लागला. पदवीदान समारंभ त्याहून पुढे. माझी पाच वर्षं कुठून मोजायची?

आंबेमोहर

जून २०१५ पासून नाही. पदवीनंतरचाच अनुभव धरतात, आणि विषय राहिलेला असताना पदवी पूर्ण नव्हती. पण समारंभापर्यंतही थांबायची गरज नाही. एप्रिल २०१७ मध्ये मॅटर ऑफ ओ-ए- इन्कॉर्पोरेटेड हा निर्णय आला. पदवीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या आणि विद्यापीठाने पदवी मान्य केली हे प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवरून दिसत असेल, तर त्या तारखेपासून मोजता येतं. त्याआधी पदवीच्या छापील तारखेवरून बऱ्याच भारतीयांचे काही महिने वाया जायचे.

म्हणून निंबोणी, प्रोव्हिजनल शोधा. निकालपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका सोबत लावा. कंपनीने मात्र जून २०१५ पासूनचं पत्र देऊ द्या, खरी तारीख तीच आहे. मोजणी कुठून सुरू होते ते वकील लिहितील.

खडकवासला

मी एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे इथल्या बँकेत चार वर्षं होतो. मग बँकेनेच मला कायम नोकरीत घेतलं, आता तीच पर्म करते आहे. कन्सल्टिंग कंपनीचा एफईआयएन वेगळा आहे. म्हणजे ती चार वर्षं धरता येतील?

आंबेमोहर

सावध राहा. नियमात "कंत्राटी कर्मचारी म्हणून केलेलं काम धरून" असे शब्द आहेत. नोकरीवर घेतलं तेव्हा तुमच्याकडे काय होतं हे पाहताना बँकेत कंत्राटावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तो दिवस बघितला जाऊ शकतो. पगार कोणी दिला यापेक्षा काम कोणाकडे शिकलात हा प्रश्न आहे. त्या चार वर्षांच्या आधीचा अनुभव पुरेसा असेल तर त्यावरच उभे राहा. नसेल तर वकिलाला हे आजच सांगा, तो स्वतःहून विचारेल याची वाट पाहू नका.

मधुमालती, हे तुमच्यासाठीही. पुण्याहून तुम्ही अमेरिकेच्या कंपनीसाठीच काम करत असाल, पण नोकरी आणि देखरेख पुण्याच्या कंपनीची होती हे पत्रात स्पष्ट येऊ द्या. पत्र पुण्याच्या लेटरहेडवर, पुण्याच्या माणसाच्या सहीने घ्या. टेक्सासच्या मॅनेजरची सही इथे गोंधळ करते.

टोरांटोकर

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी पत्रं गोळा केली तेव्हा हीच खटपट केली होती. तिथे तर पत्रात आठवड्याचे तास आणि वार्षिक पगारही लागतो, आणि कामं एनओसीच्या (कॅनडाच्या व्यवसायांच्या वर्गीकरणाच्या) यादीशी जुळावी लागतात. त्यामुळे माझं सगळ्यांना सांगणं : नोकरी सोडताना, नोटीस पिरियडमध्येच, मॅनेजर खुर्चीत असताना पत्र घ्या. अमेरिका असो, कॅनडा असो, की कुठेच जायचं नसो. सहा महिन्यांनी तोच माणूस तुमचा ईमेल उघडायला वेळ काढू शकत नाही.

शेवंती

टोरांटोकर, शंभर टक्के. आणि बंद पडलेल्या कंपन्यांबद्दल थोडं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीच्या नावाने शोधलं की तिची स्थिती दिसते, संचालकांची नावंही. कंपनी नोंदणीतून वगळली गेली हे तिथे दिसलं तर "पत्र मिळू शकत नाही" याचाच तो पुरावा झाला. नोकरी होती हे दाखवायला भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, फॉर्म १६, आयकराच्या साइटवरचं २६एएस आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट. २६एएस मध्ये कर कापणाऱ्या कंपनीचं नाव येतं, त्यामुळे ते फार भक्कम.

कंपनी बंद न पडता विकली गेली असेल तर नव्या मालकाकडे रेकॉर्ड असू शकतं. पटणी २०११ मध्ये आयगेटने घेतली, आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. अशा वेळी पत्र नव्या नावाच्या लेटरहेडवर येतं, तर विलीनीकरणाचा एखादा कागद सोबत लावा. नाहीतर नियुक्तीपत्रावर एक नाव आणि अनुभवपत्रावर दुसरं, हे न उलगडलेलं राहतं.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलांशी बोलले. पुण्याच्या कंपनीचा अनुभव धरता येईल असं त्यांनी सांगितलं, आणि अटीत पायथनचं एक वर्ष आहे, ते मोठ्या कंपनीतल्या कामातून दाखवायचं आहे. तिथले माझे तेव्हाचे टीम लीड आता बंगळुरूला दुसरीकडे आहेत, ते लिहून द्यायला लगेच तयार झाले. एचआरकडून पदांच्या तारखांचं पत्र मागितलंय आणि वर्णन देणार नाही हा ईमेलही ठेवलाय. टीम लीड विचारताहेत, निवेदन स्टॅम्पपेपरवर करून नोटरी करावं लागेल का?

आंबेमोहर

सक्ती नाही. अमेरिकेच्या कायद्यात, २८ यूएससी १७४६ मध्ये, नोटरीशिवाय केलेलं निवेदनही शपथपत्रासारखं चालतं. फक्त शेवटी ठरावीक अर्थाचं वाक्य हवं : वरील मजकूर खरा आहे, खोटा असल्यास अमेरिकेच्या कायद्याखाली खोट्या साक्षीच्या शिक्षेस मी पात्र राहीन. खाली तारीख आणि सही. अमेरिकेबाहेर सही होत असेल तर "अमेरिकेच्या कायद्याखाली" हे शब्द विसरायचे नाहीत. काही वकील तरीही नोटरी मागतात. तुमचे मागत असतील तर करून टाका, नुकसान काही नाही.

सहा वर्षांच्या मर्यादेबद्दल : एल-१ आणि एच-१बी मिळून सहा वर्षं मोजतात. त्यापुढे वर्षावर्षाने वाढ हवी असेल तर लेबर अर्ज भरून ३६५ दिवस झालेले हवेत, म्हणजे तुमचा अर्ज डिसेंबर २०२६ च्या आत जायला हवा. आय-१४० मंजूर झाली की तीन वर्षांची वाढ मिळते. अर्जाआधी प्रचलित वेतन ठरवणं आणि भरतीच्या जाहिराती यातच कित्येक महिने जातात. पत्रं त्या काळात तयार झाली पाहिजेत, म्हणून आत्ताच हात घातलात ते बरं झालं.

निंबोणी

प्रोव्हिजनल मिळालं, आईने कपाटातल्या जुन्या फाइलीतून फोटो पाठवला. तारीख मार्च २०१६. ताई, खूप खूप आभार.

वारणाकाठ

वकिलांनी मान्य केलं, आता ईबी-३ साठी अट नव्याने लिहिताहेत. माझी पहिली नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होती. तिथला सेवेचा दाखला मराठीत आहे, कार्यकारी संचालकांच्या सहीचा, गोल शिक्क्यासह. कामाचं वर्णन चांगलं चार ओळींचं आहे. इंग्रजीत नवीन मागू, की भाषांतर चालेल? बायकोचं इंग्रजी उत्तम आहे, तिने केलं तर?

आंबेमोहर

भाषांतर चालतं, नवीन मागू नका. त्या काळात दिलेला मूळ दाखला आजच्या पत्रापेक्षा जास्त विश्वासाचा. इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, आणि भाषांतरकाराने खाली लिहून द्यावं लागतं की भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायला मी सक्षम आहे. नाव, सही, तारीख, पत्ता. सरकारमान्य भाषांतरकारच हवा असं बंधन नियमात नाही. तरी घरातल्या माणसाऐवजी बाहेरच्या कोणाकडून घ्या, उगाच प्रश्न नको.

पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण. जावक क्रमांक, तारीख, शिक्क्यातला मजकूर, "मा. कार्यकारी संचालक" मधला मा. सुद्धा. आणि मूळ दाखल्याची स्वच्छ रंगीत प्रत सोबत जोडा, गोल शिक्का वाचता येईल अशी.